टेलनेटचा पॅच आणि बाकीची अकरा पॅकेजं: डेबियन पायथन प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अनस्टेबलमध्ये, म्हणजे जिथं नवं काम चालतं त्या शाखेत, पायथन ३.१३ आलं आहे. डीफॉल्ट अजून ३.१२ च, पण आता प्रत्येक पायथन पॅकेज दोन्हींवर बिल्ड व्हायला हवं आणि दोन्हींवर त्याच्या टेस्ट पास व्हायला हव्यात. माझ्याकडे सांभाळायला बारा पॅकेजं आहेत. सकाळी चहा घेऊन बसले आणि बाराही एकेक करून एसबिल्ड या पॅकेज बांधणाऱ्या साधनात टाकली. जेवणाच्या वेळेपर्यंत हिशोब लागला: आठ पास, चार नापास.

या खेपेला नोंदी ठेवायच्या असं ठरवलंय. गेल्या वर्षी ३.१२ आलं तेव्हा घाईघाईत पॅच (मूळ कोडवरचे छोटे बदल) मारत गेले आणि सहा महिन्यांनी त्यातला एक कशासाठी होता हे काही केल्या उलगडेना. पॅच फाइलच्या डोक्यावर धड मथळा नव्हता, अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ लेखकांकडे, तो पाठवलेला नव्हता. त्यामुळे अपस्ट्रीमची नवी आवृत्ती आली की दरवेळी तो पुन्हा बसवत बसायचं, एकदा ओळी हलल्या म्हणून, एकदा फंक्शनचं नाव बदललं म्हणून. फक्त डेबियनपुरता ठेवलेला पॅच हे कर्ज आहे आणि त्याचं व्याज दर आवृत्तीला भरावं लागतं. या वर्षी एकही पॅच असा ठेवायचा नाही.

पॅकेजांची नावं इथं लिहीत नाही, त्यांच्या कामावरून ओळख ठेवेन. त्यांचे मूळ लेखक बहुतेक एकेकटे आहेत, नोकरी सांभाळून रात्री काम करतात, पैसे घेत नाहीत. कुणी नाव शोधून त्यांच्या दारात तक्रारी घेऊन उभं राहावं असं मला वाटत नाही.

नापास चारांपैकी दोघांचं कारण एकच. पायथनच्या प्रमाण लायब्ररीतली १९ जुनी मॉड्यूल पेप ५९४ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) नुसार ३.१३ मधून काढली आहेत: टेलनेटलिब, सीजीआय, क्रिप्ट, ऑडिओऑप, एनएनटीपीलिब वगैरे. ३.११ पासून इशारे येत होते, तेव्हा अचानक झालं असं कुणी म्हणू शकत नाही. आणि काढणं योग्यच होतं असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे लक्ष द्यायला माणूस नाही अशी मॉड्यूल प्रमाण लायब्ररीत असली की लोक त्यांच्यावर भरवसा ठेवून बसतात. टेलनेट ही नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी मजकुराने बोलायची जुनी पद्धत. माझी टेलनेट लायब्ररी टेलनेटलिबवर उभी आहे आणि हेडर (संदेशाच्या डोक्यावरची माहिती) वाचणारी लायब्ररी सीजीआयवर. तिसरं पॅकेज टेस्टसाठीच्या युनिटटेस्ट मॉड्यूलमधल्या मेकसूट या काढून टाकलेल्या फंक्शनमुळे अडलं. चौथ्याचं कारण अजून समजलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मेकसूटवाल्याचं काम दहा मिनिटांत झालं. एक ओळ बदलली, पॅच अपस्ट्रीमला पाठवला, संध्याकाळपर्यंत त्यांनी घेतलाही.

हेडरवाल्याला अंमळ वेळ लागला. सीजीआयमधलं हेडर फोडणारं फंक्शन गेलं, त्याच्या जागी ईमेल मॉड्यूल वापरा असं पायथनचं अधिकृत सांगणं आहे. तसं केलं, तर एक टेस्ट पडली. जुनं फंक्शन 'टेक्स्ट-एचटीएमएल' हा प्रकार समोरच्याने जसा लिहिला तसाच परत द्यायचं, मोठी अक्षरं असली तर मोठीच. ईमेल मॉड्यूलमधलं कंटेंट-टाइप देणारं फंक्शन सगळं लहान अक्षरांत करून देतं. त्याच मॉड्यूलमध्ये पॅरामीटरांची यादी देणारं दुसरं फंक्शन आहे, ते अक्षरांना हात लावत नाही. ते घेतलं. ती एक टेस्ट नसती तर हा फरक मला दिसलाच नसता, आणि कुणाच्या तरी सर्व्हरवर तुलना चुकत राहिली असती.

चौथं पॅकेज हे एक कमांड-लाइन साधन आहे. ते आपल्या मदतीचा मजकूर थेट डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनातून, छापतं. टेस्ट सांगत होती की अपेक्षित मजकूर वेगळा आणि आलेला वेगळा. स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवले तर शब्दन् शब्द तोच. अर्धा तास त्यात गेला. शेवटी दोन्ही ओळी बाइट मोजून पाहिल्या: अपेक्षित ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस, आलेल्या ओळीत एकही नाही. ३.१३ चा कंपायलर डॉकस्ट्रिंगमधली सगळ्या ओळींना सामाईक असलेली मोकळी जागा आपणहून काढून टाकतो, त्यामुळे मेमरी आणि साठवलेल्या फाइली थोड्या कमी होतात. दोन्ही बाजूंचा मजकूर आधी क्लीनडॉक या मोकळी जागा साफ करणाऱ्या फंक्शनमधून काढून मग तुलना करायची असा पॅच केला. ३.१२ वरही पास, ३.१३ वरही पास. पाठवला.

८ डिसेंबर, रविवार

आज टेलनेट. हे पॅकेज वापरणारे थोडेच आहेत, पण ज्यांना लागतं त्यांना दुसरा पर्याय नाही. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मोजमापाची यंत्रं असतात. ती उत्तम चालतात, बोलतात मात्र फक्त टेलनेट. नवं यंत्र घ्यायला पैसे नसतात, आणि जुनं टाकायला काही कारणही नसतं.

तीन रस्ते दिसत होते. पहिला, ३.१२ मधली टेलनेटलिबची फाइल उचलून पॅकेजमध्ये टाकायची. हे मला पटत नाही. डेबियनच्या धोरणातही दुसऱ्याच्या कोडची प्रत आपल्या पॅकेजमध्ये कोंबू नका असंच आहे, कारण उद्या त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर किती पॅकेजांत किती प्रती आहेत हे कुणी शोधायचं? दुसरा, टेलनेटचीच एखादी वेगळी लायब्ररी घ्यायची, पण जी चांगली आहे ती असिंक पद्धतीची आहे आणि त्यासाठी अपस्ट्रीमचा सगळा साचा बदलावा लागेल. तिसरा, साध्या सॉकेटवर, म्हणजे थेट नेटवर्क जोडणीवर, लिहायचं. कोड वाचला तर ही लायब्ररी टेलनेटलिबची दोनच कामं वापरते: अमुक खूण येईपर्यंत वाच, आणि एवढं लिही.

तिसरा रस्ता घेतला. पस्तीस ओळींचा पॅच. पॅकेजसोबतच्या नकली सर्व्हरवर सगळ्या टेस्ट पास. अपस्ट्रीमला पाठवला, मात्र तिथली शेवटची हालचाल दोन वर्षांपूर्वीची दिसते. उत्तराची वाट न बघता अपलोड केलं, बग बंद केला.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नवं वर्ष लागलं आणि एक पॅकेज पडलं. एका टेस्टमध्ये 'पुढची मुदत' म्हणून १ जानेवारी २०२५ ही तारीख कोरून ठेवली होती. लिहिणाऱ्याला तेव्हा ती फार लांबची वाटली असणार. रिप्रोड्यूसिबल बिल्ड्सवाले, म्हणजे तोच कोड बिल्ड केल्यावर दरवेळी तंतोतंत तेच निघतं का हे तपासणारे, घड्याळ मुद्दाम पुढं करून पॅकेजं बिल्ड करून बघतात, त्यांच्या पानावर माझं हे पॅकेज कित्येक महिने लाल दिसत होतं. मी ते पाहिलं नव्हतं. आजपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पान बघायचं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला येणाऱ्या-जाणाऱ्यांत दिवस गेला. रात्री मेल उघडली तर टेलनेट पॅकेजवर नवा बग. एका प्रयोगशाळेतले वापरकर्ते लिहितात: डिसेंबरची आवृत्ती घातल्यापासून यंत्राशी जोडणी होते, पण पुढं काहीच होत नाही, प्रोग्रॅम नुसता थांबून राहतो, आधीची आवृत्ती घातली की सगळं सुरळीत. सोबत त्यांनी जोडणीवरून आलेले पहिले बाइट छापून पाठवले आहेत. इतका नीटस बग रिपोर्ट क्वचित मिळतो. लगेच आभाराचं उत्तर टाकलं आणि रविवारपर्यंत वेळ मागितला.

चूक माझ्या पॅचमध्ये आहे हे बाइट बघताच कळलं.

१९ जानेवारी, रविवार

हे सविस्तर लिहून ठेवते.

टेलनेट म्हणजे सॉकेटवरून जाणारा नुसता मजकूर नव्हे. १९८३ सालच्या आरएफसी ८५४ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात त्याचे नियम आहेत. २५५ हा बाइट आला की समजायचं, पुढचा मजकूर नाही, सूचना आहे. त्यानंतर २५३ म्हणजे 'तू हे कर', २५१ म्हणजे 'मी हे करतो'. 'करू नकोस' साठी २५४ आणि 'करणार नाही' साठी २५२. तिसरा बाइट कशाबद्दल बोलतोय ते सांगतो, म्हणजे १ असेल तर टाइप केलेलं परत दाखवणं, २४ असेल तर टर्मिनलचा प्रकार.

त्या यंत्राने पहिले पाठवलेले बाइट होते २५५, २५३, २४. 'तुझ्या टर्मिनलचा प्रकार सांग' एवढंच त्याचं म्हणणं. उत्तर मिळेपर्यंत ते पुढं सरकत नाही. जुनी टेलनेटलिब काय करायची? कुणी काही न सांगता स्वतःच उत्तर द्यायची: २५५, २५२, २४. 'नाही सांगणार.' यंत्राला तेवढं पुरायचं, मग ते लॉगिनची खूण पाठवायचं. कुठल्याही 'कर' ला 'करणार नाही' आणि कुठल्याही 'करतो' ला 'करू नकोस', हे टेलनेटलिबमधलं काम मी कोड वाचताना पाहिलंच नाही, कारण आमची लायब्ररी ते कधी नाव घेऊन मागत नव्हती. ते आपसूक व्हायचं. नकली सर्व्हरही असा कधी काही विचारायचा नाही, म्हणून टेस्ट पास.

आता पॅच नव्याने लिहिला. येणारा प्रत्येक बाइट एकेक करून बघायचा. २५५ दिसला की पुढचे दोन वाट पाहून घ्यायचे आणि नकार पाठवायचा. २५० ने सुरू होऊन २४० ला संपणारा उपसंवाद गिळायचा. २५५ च्या मागोमाग पुन्हा २५५ आला तर तो खराच डेटा समजायचा. टाचण: एका वाचनाच्या शेवटी २५५ येऊन उरलेले दोन बाइट पुढच्या वाचनात येऊ शकतात. म्हणून आपण कुठवर आलो ही अवस्था वाचनांच्या मधे जपून ठेवावी लागते. हे पहिल्या प्रयत्नात चुकलं होतं, दुसऱ्यात जमलं.

पॅचपेक्षा टेस्टवर जास्त वेळ घालवला. नकली सर्व्हर आता २५५, २५३, २४ पाठवतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढं बोलत नाही, अगदी त्या यंत्रासारखा. दुसऱ्या टेस्टमध्ये तेच तीन बाइट एकेक करून, मधे थांबत पाठवतो. डिसेंबरचा माझा पॅच घालून या टेस्ट चालवल्या, दोन्ही अडकल्या. नवा घातला, दोन्ही पास. हीच टेस्ट ऑटोपीकेजीटेस्टमध्येही घातली, म्हणजे बिल्डच्या वेळीच नाही तर बसवलेल्या पॅकेजवरही ती चालेल.

प्रयोगशाळेतल्या वापरकर्त्यांना बिल्ड पाठवली. रात्री दहा वाजता त्यांचं उत्तर: यंत्र बोललं.

अपस्ट्रीमकडचा जुना पॅच मागे घेऊन हा पाठवला, टेस्टसकट, आणि पहिल्यात काय चूक होती तेही लिहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता डीफॉल्ट ३.१३ च आहे. ज्या बगांना आधी 'महत्त्वाचा' असा दर्जा होता ते 'गंभीर' झाले, म्हणजे रिलीज अडवणारे. असा बग उघडा राहिला की पॅकेज टेस्टिंगमधून (पुढच्या रिलीजच्या तयारीतल्या शाखेतून) आपोआप काढलं जातं, आणि त्याच्यावर विसंबलेली पॅकेजंही सोबत जातात. मला मेल आली ती माझ्या पॅकेजच्या दोषाबद्दल नव्हती. हवामानाच्या फाइली वाचणारं माझं पॅकेज ज्या टेस्ट-लायब्ररीवर अवलंबून आहे ती नापास, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही जाणार.

त्या लायब्ररीचे सांभाळणारे सध्या आजारपणात आहेत असं टीमच्या चॅनलवर कळलं. डेबियन पायथन टीमचा एक मोठा फायदा हा की पॅकेज टीमच्या नावावर असेल तर दुसऱ्या सदस्याला त्यात हात घालता येतो. अपस्ट्रीमने दुरुस्ती आधीच केली होती, ती फक्त आमच्या आवृत्तीत आणायची होती. ती आणली, चेंजलॉगमध्ये 'टीम अपलोड' लिहिलं. या लायब्ररीवर मला अपलोडचा हक्क नाही, मी डेबियन मेंटेनर आहे, डेव्हलपर नाही. ज्या पॅकेजांचा हक्क दिलाय तीच चढवता येतात. टीममधल्या एका डेव्हलपरने डेबडिफ (जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक) तपासून, एक शंका विचारून, अपलोड केलं. सांभाळणाऱ्यांना मेल केली की घाई करू नका, बरे व्हा, पॅकेज जागेवर आहे.

२ मार्च, रविवार

हवामानवाल्याची नवी आवृत्ती आली. आधीपेक्षा झपाट्याने वाचते. माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवं, डेबियनच्या बिल्ड मशिनांवर एकच लाल: एस३९०एक्स. लॉग उघडला. फाइलमध्ये स्टेशनचा क्रमांक १ होता, टेस्टला मिळाला १६७७७२१६.

हा आकडा बघितला की निदान झालंच. चार बाइट: १, ०, ०, ०. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरवर लहान बाइट आधी, म्हणून किंमत १. एस३९०एक्स हे आयबीएमच्या मोठ्या मशिनांचं, तिथं मोठा बाइट आधी, म्हणून तोच १ चोवीस घरं वर चढतो. नव्या कोडमध्ये बाइटांचा क्रम सांगणारं 'लहान आधी' चं चिन्ह लिहायचं राहून गेलं होतं, सात ठिकाणी. क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या साधनावर एस३९०एक्सचं वेगळं वातावरण (क्रूट) उभं करून तपासलं, टेस्ट पास, बिल्डला चाळीस मिनिटं लागली.

मला कुणीतरी विचारलं होतं की हवामानाची फाइल मेनफ्रेमवर वाचणार कोण. कदाचित कुणीच नाही. पण फाइल कुठल्या क्रमाने लिहिली आहे हे कोडने स्पष्ट सांगायला हवं, आणि ते सांगितलेलं नाही हे त्या एकाच मशिनने दाखवलं. अपस्ट्रीमने पॅच त्याच रात्री घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती काढली.

१५ मार्च, शनिवार

ट्रिक्सीचं, म्हणजे डेबियनच्या येणाऱ्या आवृत्तीचं, पहिलं फ्रीझ आजपासून. मोठे बदल बंद. माझी बाराही पॅकेजं टेस्टिंगमध्ये आहेत. डेबियनकडे पॅच सहा, त्यातले अपस्ट्रीमने न घेतलेले दोन: तारखेचा आणि टेलनेटचा.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. आणि आज एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या त्या प्रकरणाला वर्ष झालं. २०२४ च्या २९ मार्चला पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. एसएसएचने दुसऱ्या मशिनवर लॉगिन करताना जवळपास अर्धा सेकंद जादा लागतोय, एवढ्यावरून त्यांनी ते खणून काढलं. डेबियनच्या स्टेबलला धक्का लागला नाही, अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये मात्र त्या आवृत्त्या पोचल्या होत्या.

पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. चोरदरवाजा चालू करणारी एम४ फाइल (बिल्डच्या सूचनांची) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या इतिहासात, नव्हतीच. ती फक्त रिलीज म्हणून दिलेल्या टारबॉलमध्ये (फाइलींच्या गठ्ठ्यात) होती. गिट वाचणाऱ्याला काही दिसलं नसतं, आणि आम्ही बिल्ड करायचो टारबॉलवरून. दुसरी गोष्ट मनाला लागणारी: तो प्रकल्प वर्षानुवर्षं एक माणूस एकट्याने ओढत होता, थकला होता, आणि मदतीच्या नावाखाली जो आला त्याने दोन वर्षं विश्वास कमावून मग घात केला.

त्या वेळेपासून एकेक पॅकेजची वॉच फाइल (नवी आवृत्ती कुठून आणायची ते सांगणारी) बदलते आहे. ती फाइल वाचणाऱ्या यूस्कॅनने पायपीआय या पायथन पॅकेजांच्या कोठारातला टारबॉल न आणता गिटमधल्या टॅगवरून आणायचं. याचा आणखी एक फायदा आहे, पायपीआयच्या टारबॉलमध्ये पुष्कळदा टेस्टचं फोल्डरच नसतं. आज शेवटची तीन बदलली. बारापैकी बारा. प्रत्येकाचा पायपीआयवरचा टारबॉल आणि गिटचा टॅग यांची फाइलवार तुलनाही केली. फरक होता तो आपोआप तयार होणाऱ्या माहितीच्या फाइलींचाच.

२० एप्रिल, रविवार

१५ तारखेपासून सॉफ्ट फ्रीझ. माझ्या बाजूने काम नाही.

भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, तुमचं डेबियन पिपच चालू देत नाही. एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणतंय."

"तू पिप सिस्टीमच्या पायथनवर चालवतोयस. त्या पायथनवर बाकी किती प्रोग्रॅम उभे आहेत ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं. पिप हे पायथनचं पॅकेजं बसवायचं साधन, डेबियनचं वेगळं, एपीटी. पेप ६६८ नुसार डेबियन १२ पासून ही अडवणूक आहे, आणि ती हवीच. त्याला एपीटीने बसवलेली पायथन पॅकेजं मोजायला लावली, दोनशेच्या वर निघाली. त्यातल्या एकाची आवृत्ती पिपने बदलली की तिच्या भरवशावरचं तिसरंच काहीतरी मोडतं, आणि ते पिपमुळे मोडलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कप्पा, करून दिलं, दोन कमांड. जाताना म्हणाला, "म्हणजे तुम्ही लोक हे सगळं एकमेकांशी जुळवून ठेवता?" हो, हेच काम आहे. एका पॅकेजची नवी आवृत्ती आणणं सोपं असतं. तिच्यामुळे बाकी कुणाचं काही मोडत नाही ना, हे बघण्यातच रविवार जातात.

१८ मे, रविवार

१५ तारखेला हार्ड फ्रीझ लागलं. आता ज्या पॅकेजांना टेस्ट नाहीत त्यांना प्रत्येक बदलासाठी रिलीज टीमची परवानगी मागावी लागते. ज्यांच्या ऑटोपीकेजीटेस्ट धड आहेत आणि जी कळीची पॅकेजं नाहीत ती वीस दिवस थांबून स्वतःहून पुढं जाऊ शकतात. टेलनेटमध्ये एक बारीक दुरुस्ती होती, मॅन्युअलमध्ये उदाहरण चुकीचं होतं. जानेवारीत घातलेल्या त्या दोन टेस्टमुळे परवानगीचा अर्ज करावा लागला नाही. रिलीज टीममध्ये मोजकी माणसं आहेत, त्यांच्यापुढं एक अर्ज कमी गेला याचं समाधान वाटलं.

१५ जून, रविवार

टेलनेटच्या अपस्ट्रीमचं उत्तर आलं! पाच महिन्यांनी. त्यांनी लिहिलंय की नोकरी बदलली, घरात बाळ आलं, आणि ज्या यंत्रासाठी ही लायब्ररी लिहिली ते आता त्यांच्याकडे नाही. प्रकल्प बंद झाल्याचं जाहीर करावं अशा विचारात होते, पण पॅचसोबत टेस्ट बघून वाचायला बसले. एक प्रश्न विचारला आहे: यंत्र एकामागून एक पन्नास मागण्या करत राहिलं तर आपण पन्नास नकार पाठवत बसणार का?

प्रश्न रास्त आहे. दोन्ही बाजू एकमेकींना उत्तरं देत अडकू शकतात. आरएफसीतही लिहिलंय की जी स्थिती आधीच आहे तिच्याबद्दलच्या मागणीला उत्तर देऊ नये. तेव्हा एखाद्या पर्यायाला एकदा नकार दिला की तो लक्षात ठेवायचा, पुन्हा बोलायचं नाही. संध्याकाळी तेवढं लिहिलं, तिसरी टेस्ट जोडली. प्रयोगशाळेतल्या त्याच वापरकर्त्यांना पुन्हा त्रास दिला, त्यांनी दोन यंत्रांवर चालवून बघितलं. पाठवलं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. आई सकाळपासून टीव्हीवर पंढरपूरची महापूजा बघत होती, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. अकराच्या सुमारास मेल: टेलनेटचा पॅच अपस्ट्रीमने घेतला. खाली त्यांनी विचारलंय, कमिटचा (थेट कोड बदलायचा) हक्क हवा का? वेळ मिळेल तेव्हा दुसरा कुणी बघणारा असला तर प्रकल्प चालू ठेवतो म्हणाले.

दिवसभर विचार केला. त्या यंत्रांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण आता हा कोड मला त्यांच्याइतकाच ठाऊक आहे. हो म्हणून कळवलं. एक अट घातली: माझा कुठलाही बदल त्यांनी किंवा तिसऱ्या कुणी वाचल्याशिवाय आत जाणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा, आणि ट्रिक्सी आलं. डेबियन १३. एकूण ६९,८३० पॅकेजं, त्यात माझी बारा.

दुपारी गावाकडच्या शाळेतल्या सरांचा फोन. त्यांच्या संगणक कक्षात मी सात वर्षांपूर्वी डेबियन घालून दिलं होतं. "ताई, नवीन आलं म्हणे. पोरांच्या मशिनवर चढवू का?" दहापैकी सहा मशिन ६४-बिटची आहेत, तिथं चढवा म्हटलं. उरलेली चार ३२-बिटची. ट्रिक्सीमध्ये त्यांच्यासाठी ना कर्नल आहे ना इन्स्टॉलर. सरांना सरळ सांगितलं: ती चार डेबियन १२ वरच ठेवा, त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तीन वर्षं आहेत म्हणजे. तोवर बघू कुणी देणगी देतंय का." निर्णयाचं कारण मला पटतं, सांभाळणारी माणसं उरली नव्हती. तरी त्या चार मशिनसमोर बसणारी मुलं डोळ्यांपुढून हलेनात. ओळखीच्या दोन कचेऱ्यांत जुनी ६४-बिट मशिन निघणार आहेत का, ते सोमवारी विचारायचं.

१७ ऑगस्ट, रविवार

अनस्टेबल पुन्हा खुलं झालं, पुढची आवृत्ती फोर्की. टेलनेटच्या अपस्ट्रीमने काल नवी आवृत्ती काढली, अडीच वर्षांनी पहिली. यूस्कॅनने टॅग आणला, टारबॉलची तुलना केली, फरक नाही. क्विल्ट या साधनाने पॅच लावायला घेतला तर त्याने नकार दिला: हे बदल आधीच आत आहेत.

पॅच फाइल काढली. तो या पॅकेजमधला एकुलता एक पॅच होता, म्हणून पॅचांची यादी ठेवणारी सीरिज फाइलही रिकामी झाली, तीही काढली, आणि मग पॅचेसचं फोल्डरच. ३.१३ वर बिल्ड, तिन्ही टेस्ट पास. पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन गप्प. चेंजलॉगमध्ये तीन ओळी लिहिल्या: नवी आवृत्ती; पॅच काढला, अपस्ट्रीमने घेतला; संक्रांतीला बग कळवणाऱ्या वापरकर्त्यांचे आभार. सही केली, डीपुटने चढवलं.

न घेतलेला पॅच आता एकच, तारखेचा. त्या अपस्ट्रीमला उद्या पुन्हा एकदा लिहायचं.